रोटाचे अकरा वाटेकरी

माझ्या नवऱ्याला दुसरी बायको नव्हती, पण अकरा पुरुष होते. ते पुण्याला राहायचे, क्रिकेट खेळायचे, आणि आमच्या कोरीटच्या घरात माझ्यापेक्षा त्यांचीच चौकशी जास्त व्हायची.

यांचं नाव पितांबर. तेव्हा घेत नव्हते, आता घेते. सुरतेच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पौषात वाचनाची सुट्टी मिळाली तसे घरी आले. परीक्षा चैत्रात, मुंबईला. पास झाले की धुळ्याला नोकरी, नोकरी लागली की बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड झालं की चूल माझी. लग्न झाल्यापासून मी सासूबाईंच्या नजरेखाली भाकरी थापत होते. सासूबाई भिकुबाई वाईट नव्हत्या, पण भाकरीची कड जरा फाटली की त्या काही न बोलता तिच्याकडे बघत राहायच्या, आणि ते बोलण्याहून वाईट. मला माझी चूल हवी होती. बाकी देशात तेव्हा पुष्कळ काही चाललं होतं, लढाई होती, सत्याग्रह होता. मला चूल हवी होती.

सासऱ्यांनी, भटू पाटलांनी, बजावून ठेवलं होतं, "परीक्षा एकदाव. पास व्हयना ते साहेब, नही ते नांगर." ते बोलले की बोलले. म्हणजे माझं सगळं त्या एका चैत्रावर येऊन ठेपलं होतं.

आणि हे माडीवर पुस्तक उघडं टाकून पुण्याच्या पेपराची वाट बघत बसायचे.

पेपर नंदुरबारला ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं यायचा. तिथे चुनीलालच्या दुकानात पडून राहायचा आणि बाजाराला गेलेल्या कुणाच्या तरी गाडीतून कोरीटला पोचायचा. तोवर सामना संपून खेळाडू घरी जाऊन जेवलेले असायचे. पण यांचा सामना पेपर उघडला की सुरू! सामन्याच्या दिवसांत दाढी करायची नाही, पेपर येईपर्यंत जेवायचं नाही, बसायचं ते पूर्वेच्या खांबाला टेकूनच. सासूबाईंना वाटायचं पोरगा अभ्यासापायी उपाशी राहतो. शेजारणींना सांगायच्या, "मन्हा पोऱ्या अन्न सोडीसन वाची ऱ्हायना." मी चौथी पास, मला सगळं कळत होतं, पण नवऱ्याची लाज झाकायची म्हणून गप्प बसायचे.

एकदा मी विचारलंच, की पुणं कधी बघितलं नाही, तिथलं कुणी ओळखीचं नाही, मग हे वेड कसलं. तेव्हा ते खरं बोलले. सुरतेच्या वसतिगृहात सगळी गुजराती मुलं. यांना म्हणायची, तू त्या खानदेशच्या जंगलातला. कुणी अहमदाबादचा, कुणी मुंबईचा, ज्याचा त्याचा संघ ठरलेला. तुझा कोणता, असं विचारलं तेव्हा हे अडले, आणि तोंडातून निघालं, पुणं. तेव्हापासून पुणं हरलं की यांची मान खाली आणि जिंकलं की वर. पुण्याच्या माणसानं आमचं बोलणं ऐकलं असतं तर ही कुठली भाषा म्हणून विचारलं असतं, ते वेगळंच. पण त्या दिवशी मला यांची दया आली. फार वेळ टिकली नाही.

माघात आमच्याकडे देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या जाड भाकरी, असतात. खानदेशात बहुतेकांचे श्रावणात असतात, आमच्या कुळाचे माघात. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं गहू मोजायचे, माणशी पाच मुठी. मोजायचे ते थोरल्या मुलानं, देवीसमोर बसून, मनात एकेकाचं नाव घेत. ते गहू घरच्या जात्यावर दळायचे आणि त्या पिठाचा रोट फक्त घरच्या पुरुषांनी खायचा. परक्याला घास द्यायचा नाही, गुराला घालायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळा संपवायचा. ज्याच्या नावानं मूठ पडली तो देवीच्या हिशेबात कुळाचा झाला. नव्या जन्मलेल्या पोराची पहिली मूठ पडते तेव्हा आम्ही गूळ वाटतो.

आमच्या घरात पुरुष चार: सासरे, हे, आणि दोन धाकटे दीर. मी दळायला बसले आणि दळतच राहिले. हात दुखायला लागले तरी सुपातले गहू सरेनात. सासूबाई येऊन पिठाच्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या, भाकरीच्या कडेकडे बघायच्या तशाच.

"पितांबर," त्यांनी हाक मारली, "कितला जनास्ना गहू मोजात रे?"

हे खांबाला टेकून उभे. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "पंधरा."

"आकरा कोन्हा?"

मग निघालं सगळं. पुढच्या आठवड्यात पुण्याचा मोठा सामना होता. यांनी देवीसमोर बसून घरच्या चौघांच्या मुठी टाकल्या, आणि हात थांबला नाही. सलामीच्या गड्यापासून शेवटच्या बोलरपर्यंत एकेकाचं नाव घेत अकरा जणांच्या मुठी टाकल्या. देवीचं बळ मिळावं म्हणून! बी. ए.च्या वर्गात बसणारा माणूस.

सासरे असे भडकले की बैल दचकले. "कोन्हा पोरे, कोन्ती जात, कोन्तं गाव! मन्हा कुळमा आकरा परका घाली दिधात!" ते म्हणाले गहू फेकून द्या, पुन्हा मोजा. सासूबाई हलल्या नाहीत.

"देवीपुढे मोजाई ग्यात," त्या म्हणाल्या. "आते फेकता येत नही. आते त्या आपला शेतस."

"काय आपला शेतस?"

"मोजेल मानूस परका ऱ्हास का?"

सासऱ्यांच्याच आईनं घातलेला नियम होता तो. मग काय, पंधरा जणांचे रोट चौघांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसले. दीर रडकुंडीला आले, हे हिरवे-पिवळे झाले, आणि सासरे एकेक तुकडा तुपात बुडवून शिव्या देत गिळत होते. सूर्य मावळायच्या आत परातीत कण राहिला नाही. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते. यांचे दोन दिवस पोट धरण्यात गेले आणि अभ्यासाचं नाव नाही, हे लक्षात आलं तेव्हा हसू गेलं.

पुणं तो सामना जिंकलं. हे माडीवरून ओरडत खाली आले. सासूबाईंनी देवीपुढे दिवा लावला. सासरे ओसरीवर दोर वळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

गावात मात्र आमची पुरी शोभा झाली. भाऊबंद भेटले की सासऱ्यांना विचारायचे, "पाटील, पुनावाला पोरे कशा शेतस?" सासरे पुढे चालू लागायचे.

फाल्गुन संपत आला. यांना मुंबईला निघायला चार-पाच दिवस उरले होते. पुण्याचा शेवटचा सामना चालू होता. बाजाराच्या गाडीतून त्या दिवशी दोन दिवसांचे पेपर एकदम आले. हे मळ्यात गेले होते, म्हणून मी उघडले. पहिल्या पेपरात काळ्या चौकटीत बातमी होती. संघातला डी. सोनवणे, डाव्या हातानं बोलिंग टाकणारा, वय बावीस, सामन्याच्या पहिल्या दिवशी तापानं पडला आणि त्याच रात्री गेला. एक दिवस खेळ बंद ठेवला होता.

हे आले तेव्हा मी पेपर पुढे केला. वाचून ते उंबऱ्यावरच बसले. रडले. खोटं नाही सांगत, खरं रडले, लहान भाऊ गेल्यासारखे. सासूबाई बाहेर आल्या, काय झालं ते ऐकलं, आणि चुलीवरचं भांडं उतरवून त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"सुतक लागनं," त्या म्हणाल्या. "धा दिन."

"पिसाळनी काय?" सासरे म्हणाले. "सोनवणे ते कोन बी ऱ्हास. कोन्ती जात ते बी माहीत नही."

"मन्हा घरना रोट मोजाई जायेल शे तेन्हा नावना. जात इचारीसन मोजा नव्हता. नाव काय पोऱ्यानं?"

"डी. एवढंच छापतात," हे डोळे पुसत म्हणाले.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मंग दोधू म्हनसूत," त्या म्हणाल्या. त्यांनी असं पोराला नाव दिलं आणि लगेच त्याच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं.

मग यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. हे उठले, माडीवरून पुस्तकं खाली आणली, एकावर एक रचली, फडक्यात बांधली आणि कोनाड्यात ठेवली. "सुतकात पुस्तकाला हात कसा लावणार," म्हणाले. "गाव सोडून कसा जाणार. यंदाची परीक्षा गेलीच म्हणायची." आवाज दुःखाचा होता, पण खांदे सैल झाले होते. मी बायको होते, मला ते खांदे वाचता येत होते. अभ्यास झाला नव्हता, परीक्षेची भीती वाटत होती, आणि आता एका मेलेल्या पोराच्या आडोशाला लपायला जागा सापडली होती.

माझं डोकं फिरलं. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं आणि यांच्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि सासूबाईंकडे तोंड करून बोलले.

"आत्याबाई, तेस्ले इचारा, बाकीना दहा जन काय करी ऱ्हायनात?"

"काय करी ऱ्हायनात?" सासूबाईंनी विचारलं.

मी दुसरा पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचला. एक दिवस थांबून संघ पुन्हा मैदानात उतरला. दंडाला काळी फीत बांधून दहाच जण उतरले. त्याच्या जागेवर कुणाला उभं केलं नाही. हरले, पण शेवटची विकेट पडेपर्यंत खेळले.

"सख्खा संगेना पोरे खेळनात," मी म्हणाले, "आनि ज्यास्नी तेन्हं तोंड बी दखेल नही त्या पुस्तकं बांधी ऱ्हायनात. त्या मेल्या पोरानी आड लपाले लाज वाटाले पाहिजे." माझा आवाज फाटला. "मले मन्ही चूल पाहिजे," असंही मी म्हणून टाकलं.

यांचा चेहरा उतरला. मग आईला म्हणाले, "माय, ती खरं बोलस. मन्हा अभ्यास व्हयेल नही. मी भ्याइ गऊ."

"मंग भिईत भिईत जाय," सासूबाई म्हणाल्या. "सुतक आम्ही पाळसूत."

"दहावाले मुंडन कोन करी? थोरला मी शे."

धाकटे दीर एकमेकांकडे बघून गोठ्यात पळाले. गावातल्या पोरांनी त्यांना आधीच भंडावून सोडलं होतं. सासरे काठी घेऊन शेताकडे निघून गेले. हे त्या रात्रीपासून निघायच्या दिवसापर्यंत वाचत राहिले, पहिल्यांदाच खांबाला न टेकता. दंडाला चिंधी बांधून नंदुरबारला गाडीत बसले आणि मुंबईला गेले.

पुढे ते पास झाले, काठावर का होईना, आणि धुळ्याला माझी चूलही पेटली. पण हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. दहाव्या दिवशी हे मुंबईत पेपर लिहीत होते, आणि कोरीटला भाऊबंदांपैकी एकही माणूस आमच्या दाराशी आला नाही. दूरवरून हसण्याचे आवाज तेवढे येत होते. सासूबाईंनी पिंडासाठी भात शिजवला आणि विधी करायला घरात कुणी पुरुष थांबला नाही म्हणून तो समोर घेऊन बसून राहिल्या.

उन्हं वर आली तेव्हा सासरे गावातून आले. मागून न्हावी येत होता. सासरे ओट्यावर पाट टाकून बसले आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

न्हावी वस्तरा हातात घेऊन घुटमळला. "पाटील, पोऱ्यासाठे बाप मुंडन करत नही."

"थोरला परीक्षाले जायेल शे. धाकला लाजतस," सासरे म्हणाले. "मंग ऱ्हायना कोन? कर."

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभी होते. सासरे आजवर माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोरी, तू वाचेल शे. तो दोधू काय करे?"

"डावा हाते चेंडू टाके," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. समोरच्या रस्त्याकडे बघितलं. तिथे दोन-तीन भाऊबंद येऊन उभे होते, आणि आता हसत नव्हते.

"आपला घरमा डावा हातना कोनीच नव्हता," सासरे म्हणाले. "तोच एक व्हता." आणि त्यांनी न्हाव्यापुढे डोकं वाकवलं. मी तांब्या धरून रडत होते, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.