भांडणाचा कप्पा

मी खालचा कप्पा बोलतोय. लोखंडी कपाटाचा, सगळ्यात खालचा. वरचे तिघे बोट लावलं की उघडतात, मला लाथ घालावी लागते. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ऐकतो कोण?

बस दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं आम्हाला घरी आणलं, तेव्हा हमालानं कपाट जिन्यात आपटलं. माझा कोपरा चेपला. मिस्त्री हमालाशी तासभर भांडला आणि कपाटाची पावती माझ्यातच कोंबली. तेव्हापासून तीच वहिवाट पडली. ज्या कागदापायी भांडण झालं, तो माझ्याकडे. बिनभांडणाचे वर. वर फारसे नव्हतेच.

"तारीख कोणाच्या बापाला आठवते?" मिस्त्री म्हणायचा. "भांडण आठवतं."

मिस्त्री म्हातारा झाला, घरात सून आली, नात झाली. सून टापटिपीची. तिनं रंगीत फायली आणल्या: घर, दवाखाना, शाळा, इतर. वरचे कप्पे झकास लावले. मग मला ओढलं. मी हललो नाही.

"अडकलाय मेला. परवा भंगारात देऊ."

इतकी वर्षं पोट फुगवून बसलो, त्याचं हे बक्षीस!

दुसऱ्याच दिवशी घरात पळापळ. नातीच्या शाळाप्रवेशाची मुदत दुपारी एकपर्यंत आणि जन्माचा दाखला गायब. सुनेनं सगळ्या फायली जमिनीवर ओतल्या.

"बाबा, दाखला तुम्हीच आणला होता ना?"

"मीच. कारकुनानं तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्यांदा खिडकी तोंडावर आपटली भल्या माणसानं!"

"मग?"

"मग काय? दोन दिवस आवाज बसला होता माझा."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं भिंत धरली आणि लाथ घातली. मी धाडकन उघडलो. माझ्या पोटातल्या कागदांत दाखला सगळ्यात वरच होता.

दोन वाजता सून घामाघूम परत आली. "झाला प्रवेश! तिथला कारकून आधी म्हणे झेरॉक्स नको, मूळ दाखवा. मूळ दाखवला तर म्हणे झेरॉक्स कुठाय? असा सोलला त्याला!"

हातात प्रवेशाची पावती. समोर 'शाळा' लिहिलेली हिरवी फाईल उघडीच. बाई क्षणभर थांबली, पदर खोचला आणि मला लाथ घातली.

म्हातारा खुर्चीत गदागदा हसत होता. "टाच लाव, सूनबाई. बोटं मोडतील."

भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. तुम्ही तुमचे कागद कसेही लावा बाबांनो. पण एखादा कप्पा उघडत नाही म्हणून टाकून देण्याआधी, एक लाथ तरी घालून बघा.