शिडीला रंग लावू नये

बसा मित्रांनो, पण माझ्यावर नको. मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि माझी वरची एक पायरी आता नाही. माझी कहाणी सांगते, पण शेवट गोड होईल या आशेवर मात्र बसू नका.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. एकेक पायरी खाचेत ठोकून बसवली, वर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "जा पोरी, सांभाळ कुणाला तरी." मला नेलं एका तरुण रंगाऱ्याने. त्याने नुकतंच रंगाचं छोटं दुकान टाकलं होतं. लोकांची घरं रंगवून द्यायची आणि दुकानात रंगाचे डबे विकायचे, असा त्याचा धंदा.

माझा मालक मला फार जीव लावायचा. चढण्याआधी प्रत्येक पायरीवर बोटांनी टकटक करून पाहायचा. दर उन्हाळ्यात जवसाचं तेल चोळायचा. रंगाचा मात्र थेंबही माझ्यावर राहू द्यायचा नाही. "लाकडी शिडी कधी रंगवू नये," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "रंगाखाली तडा दिसत नाही." माझ्यावर उभं राहून त्याने दवाखान्याचं छत रंगवलं, तेव्हा लोक मान वर करकरून बघत होते. कौतुक त्याचं, पण थोडं माझ्याही वाट्याला यायचंच की!

माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. त्याच्या तोंडून 'नाही' निघायचंच नाही. मित्रांना हे पक्कं ठाऊक होतं. "अरे, एकच तर भिंत आहे, जाता जाता मारून दे." "उरलासुरला रंग असेलच ना?" "आपलंच दुकान, आपल्याला कसली लाज!" गिऱ्हाईक दारात ताटकळायचं आणि मालक कुणाच्या तरी न्हाणीघरात फुकटची भिंत रंगवत बसायचा. मी तर सगळ्या गल्लीची झाले होते. कुणाचे पडदे, कुणाचा पंखा, कुणाचं झाडावर अडकलेलं मांजर! मालकीणबाई करवादायच्या, "शिडी आपली, आणि आपल्यालाच मिळत नाही! उद्या कुणी घराचं दार मागितलं तर तेही काढून द्याल!" मालक नुसता हसायचा.

शेजारच्या गाळ्यातला शिंपी हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. एकदा तो मला मागायला आला. नेमकं त्याच आठवड्यात मालकाला एका मोठ्या सभागृहाचं काम सुरू करायचं होतं. मालकीणबाईंनी डोळे वटारले. मालकाने उभ्या जन्मात पहिल्यांदाच धीर केला.

"अरे, परवा मलाच लागणार आहे रे. या वेळी नको."

"नको?" शिंप्याचा चेहरा पडला. "राहू दे बाबा. मोठा झालास तू आता. आम्ही कोण!"

झालं! मालकाला जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्याने मला खांद्यावर घेतलं आणि स्वतः शिंप्याच्या घरी पोहोचवलं. वर त्याची माफीही मागितली. आहे की नाही कमाल!

शिंप्याने मला माळ्याला तिरकी टेकवली आणि एक भरलेली लोखंडी ट्रंक माझ्यावरून वर ढकलली. अहो, मी शिडी आहे, घसरगुंडी नव्हे! कडकन आवाज झाला आणि माझी वरची पायरी तडकली. शिंपी घाबरला. "आता काय तोंड दाखवू त्याला?" असं पुटपुटला. मग त्याने चिरेत पुट्टी भरली आणि ती दिसू नये म्हणून मला खालपासून वरपर्यंत निळा रंग फासला. रंगही माझ्याच मालकाकडून मागून नेलेला.

सभागृहाचं काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी तो मला घेऊन आला. "बघ, कशी नवी करून आणली!" तो म्हणाला. मालकाने त्याला मिठीच मारली. तो गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, शिडी रंगवू नये असं तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो गं. पण त्याने एवढ्या प्रेमाने रंगवलीय. आता खरवडून काढली तर काय वाटेल त्याला?"

त्या दिवशी सभागृहात चढण्याआधी मालकाने टकटक केली नाही. मित्राच्या कामावर संशय कसला घ्यायचा? तो एकेक पायरी चढू लागला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण शिडीला कुठलं तोंड! वरच्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि ती मोडली. तो फरशीवर पाठीवर पडला. तेव्हापासून तो अंथरुणालाच खिळला आहे. पुन्हा उभं राहता येणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले. दुकान बंद झालं.

शिंपी भेटायला आला, रडलाही. मग म्हणाला, "मला वाटतच होतं, शिडी फार जुनी झालीय."

"हो रे," मालक म्हणाला, "लाकूडच ते."

खापर माझ्याच माथी! फार फार वाईट वाटलं, मित्रांनो.

आता एक विनंती करते, कारण पुढचं सांगून झाल्यावर माझ्याने बोलवणार नाही. मागून नेलेली वस्तू मोडली तर मोडलेलीच परत द्या. शिव्या खाव्या लागतील, त्या खा. आणि द्यायचं नसेल तेव्हा सरळ नाही म्हणा. मित्र रुसेल, पण चार दिवसांत बोलायला लागेल.

परवा शिंपी पुन्हा आला. मालकाच्या पायाशी बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि डोकं खाजवत म्हणाला, "शिडी तशीही पडूनच आहे. नेऊ का? मला खालच्या पायऱ्या पुरतात."

मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मालकाकडे एकदा बघितलं आणि आत वळल्या.

"ने," मालक म्हणाला. "पण चढायच्या आधी प्रत्येक पायरी ठोकून बघ हं. मला झालं ते तुला नको व्हायला."