गुळगुळीत थाळी

"थाळी आधी डोळ्यांनी बघ, सिग्ने. यंत्राला मागाहून विचार." गुनवोरबाईंनी हे मला प्रयोगशाळेतल्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज सकाळची प्रार्थना आटोपून मी जंतूंच्या थाळ्या ठेवलेली उबवणीची पेटी उघडली, तेव्हा तोच आवाज कानात होता.

बाईंनी तरुणपणी जंतूंचा एक वाण शोधला होता. साधे जंतू हिस्टिडिन हे अमिनो आम्ल लागेल तेवढंच करतात. पुरेसं झालं की हात आखडतात. पुरेसं आहे की नाही, हे त्यांना कळतं ते हिस्टिडिन वाहून नेणाऱ्या ट्रान्सफर आरएनएवरून. बाईंच्या वाणात त्या आरएनएचंच जनुक अधू होतं. वाहणारे थोडे, म्हणून कोठार भरलेलं असूनही पेशीला वाटे, घरात दाणा नाही. ती बापडी हिस्टिडिन करतच राही, आणि साखरेच्या थाळीवर, जिथे साध्या जंतूंच्या वसाहती गुळगुळीत दिसतात, तिच्या वसाहतीला सुरकुत्या पडत.

हिवाळ्याच्या तोंडी शीतपेटी बंद पडली आणि ठेवलेले सगळे वाण मेले. उरली ती बाईंच्या खणातली एक जुनी कुपी. बाई उमेओच्या रुग्णालयात. घोटभर ब्लूबेरीचं सूपही आता त्यांना जात नाही.

"एकदा बघायचंय गं त्यांना," त्या म्हणाल्या होत्या. "पण उगवेल तेच आण. लबाडी नको. भाक दे."

मी दिली होती.

थाळीवर वसाहती भरघोस होत्या. सगळ्या गुळगुळीत. कुपी खरवडून पेरलेल्या बाकीच्या थाळ्याही तशाच.

शेजारच्या टेबलावर काम करणारा तोर्केल माझ्या खांद्यावरून डोकावला. "हे जंतू तर बरे झाले की गं! कुपीत एखाद्याचं जनुक सुधारलं असणार. मग धडधाकटांपुढे अधूंचा काय टिकाव?"

"म्हणजे वाण गेला."

"गेला." तो म्हणाला, "उप्सालावाल्यांकडे सुरकुत्यांचा दुसरा वाण आहे. मागवतो. म्हातारीला काय कळणार?"

"त्यांना कळेल."

"नाही कळलं तर सुखाने जाईल. तुझ्या देवाला मी समजावतो."

"तुझी त्याची ओळख तरी आहे का रे?"

तो हसला नाही. खुंटीवरचा माझा कोट काढून त्याने पुढे धरला. "नदीवर वारा आहे. कान झाक."

मी त्याच गुळगुळीत थाळीचं झाकण नीट लावलं, ती लोकरीच्या रुमालात गुंडाळली आणि पूल ओलांडून रुग्णालयाकडे निघाले.