तिसरं बटण

मास्तरांना बायकोकडून एकच वस्तू हवी होती आणि ती बेचाळीस वर्षं मिळत नव्हती. बटण. काळं, चार भोकांचं, कडेला किंचित टवका उडालेलं. मास्तरीणबाईंनी ते गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. डबी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली त्यांच्या कमरेला, असा एकूण बंदोबस्त होता.

या बटणाची हकिकत सगळ्या शहराला तोंडपाठ होती. तिच्यातलं खरं किती, ते मात्र दोघांनाच ठाऊक होतं.

मास्तर तेव्हा एका नाटक कंपनीत नवे शिंपी होते. कंपनीनं ‘जकातनाका’ नावाचं संगीत नाटक बसवलं. नाक्यावरचा कारकून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सामान तपासतो. एक तरुणी रोज रिकाम्या हातांनी येते, रीतसर तपासून घेते आणि पलीकडे जाते. तिच्याजवळ जकात घेण्यासारखं काहीच नाही, म्हणून तिला थांबवून ठेवता येत नाही, हे कारकुनाचं दुःख. गोष्ट एवढीच. चालते तीन तास. तिसऱ्या अंकात कारकून ‘जा, तुझ्यावर जकात नाही’ हे गाणं म्हणतो आणि एकूण एक प्रेक्षक रुमाल काढतो.

पहिल्या प्रयोगाला मास्तरांची घाई झाली. कारकुनाच्या कोटाला पाच बटणं. चार त्यांनी पक्की लावली, तिसरं नुसतं कच्च्या दोऱ्यानं टाचलं. मध्यंतरात पक्कं करू म्हणाले. मध्यंतरात चहा आला. तिसऱ्या अंकात नटानं वरच्या सुरासाठी छाती भरून श्वास घेतला, त्यासरशी बटण उडालं आणि थेट तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या कपाळावर बसलं. कोट उघडा पडला, आतला बनियन दिसू लागला, बनियनला भोक होतं. नटानं झटकन छातीवर पंजा ठेवला आणि उरलेलं गाणं तसंच म्हटलं. लोकांना वाटलं, वा! केवढं दुःख आहे या माणसाला!

प्रयोग संपल्यावर ती मुलगी कपाळावर टेंगूळ घेऊन कपडेपटात आली.

“हे कुणी शिवलंय?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“याला शिवणं म्हणतात?”

“द्या इकडे. लावतो परत.”

“आधी नीट शिवायला शिका,” मुलगी म्हणाली, “मग देईन.”

चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. बटण तिनं माहेरून आणलं आणि दिलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाच्या आधी नट म्हणाला, “तिसरं बटण लावू नका, टाळ्या जातील.” त्यानंतर अकराशे प्रयोग बिनबटणाचे झाले. तो छातीवरचा पंजा गावभर पसरला. मुलं पंजा ठेवून मागण्या घालू लागली, मुली पंजा ठेवून नकार देऊ लागल्या. हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे रांगा लागल्या. लोक छाती धरून यायचे, तपासणीत काही निघायचं नाही. शेवटी डॉक्टर पहिला प्रश्न विचारू लागले, “नाटक पाहिलंत का?”

मग सिनेमा आला. त्यात नायक पहिल्या दृश्यापासून छातीवर हात धरून होता. त्यानं एका हातानं मारामारी केली आणि एका हातानं नदी पोहून पार केली. वीस वर्षांनी दुसरा सिनेमा निघाला, नव्या जमान्याचा. त्यात नायक टी-शर्टमध्ये होता. टी-शर्टला बटणंच नव्हती. पंजा मात्र जागच्या जागी. का, ते त्या नायकालाही माहीत नव्हतं, पण तो फार मनापासून ठेवायचा.

एका प्राध्यापकांनी त्या रिकाम्या जागेवर चारशे पानांचा ग्रंथ लिहिला. मास्तरांच्या मुलाखती छापून आल्या. बटण का लावलं नाहीत, या प्रश्नावर मास्तर म्हणत, “त्यामागे विचार होता.” दर वेळी त्याच वाक्याला स्वयंपाकघरात एखादं पातेलं पडायचं.

‘जकातनाका’ लोकांना का आवडतो, याची प्रत्येकाकडे कारणं होती. कुणाला त्यात पहिलं प्रेम आठवे, कुणाला सरकारी नोकरी. मास्तरांना मात्र त्यात फक्त आपला कच्चा दोरा दिसे. पहिला सिनेमा पाहताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्यांना वाटलं, मास्तर हळवे आहेत. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी कोपरानं ढोसलं.

“बघा तुमचं शिवणकाम. नाटकात बोटभर दिसत होतं. इथं दाराएवढं करून दाखवलंय.”

त्या दिवसापासून मास्तर बटणाला अकरा टाके घालू लागले. त्यांच्या हातचं बटण कुणी तुटलेलं पाहिलं नाही. कापड विरून जायचं, बटण राहायचं. लोक चिंधीला लटकलेली बटणं घेऊन यायचे आणि म्हणायचे, “मास्तर, याच्याभोवती नवा शर्ट शिवा.”

दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मास्तर एक नवा सदरा बायकोसमोर ठेवायचे. ती बटण ओढून बघायची.

“आता तरी?”

“बरं आहे. बघू पुढच्या वर्षी.”

अशात तिसरा सिनेमा निघाला. दिग्दर्शक स्वतः दुकानात आला. तिशीचा, काटकुळा, बोलताना कापायच्या टेबलावरच बसला.

“काका, मला मूळ क्षण हवा. बटण उडालं तो. कॉम्प्युटरवर नको, खराखुरा. तुमच्याच हातानं टाचलेलं बटण उडणार, असं मी पेपरात सांगून बसलोय.”

“उडणार म्हणजे कच्चं टाचायचं?”

“अगदी बेजबाबदार टाचा. काकूंना तिसऱ्या रांगेत बसवू.”

रात्रीच्या जेवणाला मास्तरांनी विषय काढला.

“कच्चं टाचणार?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मग बेचाळीस वर्षं काय शिकलात?”

“अगं, त्यांनाच तसं हवंय.”

“त्यांना काय हवं ते त्यांना विचारा. बटण माझ्याकडे आहे.”

मास्तरांची मोठी पंचाईत झाली. पक्कं शिवावं तर सिनेमा अडतो, कच्चं टाचावं तर डबी या जन्मी उघडत नाही. पण पोरगा टेबलावर बसून डोळ्यांत पाणी आणत होता. मास्तरांनी कच्चं टाचायचं कबूल केलं.

शूटिंगच्या दिवशी जुनं थिएटर हुबेहूब उभारलेलं होतं. नायक व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा दिसत होता, छाती पेटाऱ्याएवढी. मास्तरीणबाई तिसऱ्या रांगेत डबी मांडीवर घेऊन बसल्या. डबी का आणली, ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांनी विचारायची हिंमत केली नाही.

पहिला शॉट. नायकानं श्वास घेतला. बटण जागचं हललं नाही.

“काका, जरा सैल.”

मास्तरांनी उसवून पुन्हा टाचलं. दुसरा शॉट. बटण ढिम्म.

“किती टाके घातलेत?”

“एकच.”

दिग्दर्शकानं मोजले. अकरा होते. मास्तर स्वतःच्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघू लागले. एका टाक्याचा त्यांनी मनाशी निर्धार केला होता, पण हाताला तो निरोप पोचलाच नव्हता.

चौथ्या शॉटला कोट पाठीतून टरकन फाटला. सहाव्याला डाव्या बाहीनं खांदा सोडला. आठव्याला नायक जांभळा पडला आणि डॉक्टरांना बोलवावं लागलं. त्यांनी नायकाची छाती तपासली, त्या वेळी त्यांचा दुसरा हात स्वतःच्या छातीवर होता. नायकाच्या अंगावर आता कोट असा उरलाच नव्हता. दोन पट्ट्या होत्या आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं तिसरं बटण होतं.

“माझं करिअर संपलं,” दिग्दर्शक जमिनीवर बसत म्हणाला.

मास्तरीणबाई उठल्या. पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या. त्यांनी ते बटण दोन्ही हातांनी धरलं आणि मागे रेलून ओढलं. पट्ट्या आल्या, पट्ट्यांबरोबर नायक आला. बटण आलं नाही.

त्यांनी हात झटकले, डबी उघडली आणि टवका उडालेलं बटण मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

“घ्या. शिकलात.”

मास्तरांचा पंजा छातीवर गेला होता, ते त्यांना कळलंही नाही. कॅमेरा मात्र बंद होता.

“काकू,” दिग्दर्शक खालून म्हणाला, “आणि माझा शॉट?”

“दुसरा कोट आणा. हेच जुनं बटण लावू. सुई द्या, मी लावते.”

मास्तर चमकले. शिंप्याच्या घरात बायकोला सुई हातात धरायची वेळच कधी आली नव्हती. मास्तरीणबाईंनी सुईचं टोक कुठलं आणि नेढं कुठलं, याचा नीट विचार केला. दोरा मास्तरांनीच ओवून दिला. मग बाईंनी दोनदा सुई खुपसली, एकदा कोटात आणि एकदा नायकात, आणि पार्सल बांधतात तशी गाठ मारली.

“आता तुम्ही बसा माझ्या जागी.”

मास्तर तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. दिवे लागले. नायकानं श्वास घेतला, म्हणजे घ्यायला लागला, एवढ्यातच बटण सुटलं आणि मास्तरांच्या कपाळावर टणकन बसलं. कोट उघडा पडला. नायकाचा पंजा आपसूक छातीवर गेला आणि त्याच्या गळ्यातून असा सूर निघाला की प्रकाशयोजनावाले शिडीवर रडू लागले.

“कट!” दिग्दर्शक किंचाळला. “हेच! हाच तो क्षण!”

मास्तरांनी पायाशी पडलेलं बटण उचललं. टेंगूळ चोळत ते रंगमंचापाशी आले. मास्तरीणबाईंनी वरून हात पुढे केला.

“द्या इकडे. लावते परत.”

मास्तरांनी बटण खिशात टाकलं आणि खिशावरून हात फिरवला.

“आधी नीट शिवायला शिका,” ते म्हणाले, “मग देईन.”

मास्तरीणबाईंनी शिकवणी लावली आहे. दुसऱ्या शिंप्याकडे.