तुझं नाव?

ओट्टोने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. काम पुन्हा अडलं होतं.

"एक पायरी गाळलीत तुम्ही," त्याचा जावई बेनेडेक म्हणाला.

"गाळली नाही. तुम्ही सांगितलीच नाहीत."

रविवारचं जेवण झालं की दोघं अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात कॉम्प्युटर मांडून बसत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ओट्टोला आयतं काही चालत नसे. शेवया घरच्या, जर्दाळूची दारू, म्हणजे पालिंका, तीही घरची, मग ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी बाहेरची कशाला? तीही सोर्स कोडपासून घरीच बांधायची. आधी उसन्या कम्पायलरकडून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या साधनाकडून, आपला कम्पायलर घडवून घ्यायचा, मग उसन्याला निरोप द्यायचा, ही रीत त्याला फार पटली होती.

या दोघांचं अहो-जाहो ऐकून ओट्टोची मुलगी किंगा वैतागे. वकील आणि अशील बसल्यासारखे बसता, म्हणे. त्यांच्या सेगेद शहरात हल्ली शेजारीपाजारीसुद्धा चार दिवसांत एकेरीवर येतात. पण वडीलधाऱ्याने आधी सुरुवात केल्याशिवाय धाकट्याने एकेरीवर यायचं नसतं; त्याने केली की मग दोघांनीही 'तू'च म्हणायचं. आणि किंगा-बेनेडेकच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही ओट्टो काही सुरुवात करत नव्हता. बेनेडेक हसण्यावारी नेई, पण ते त्याला लागत असे. या घरात आपण अजून पाहुणेच, असं त्याला वाटे.

गाळलेली पायरी करून झाली, राहिलेली कामंही उरकली. संध्याकाळी नवी सिस्टिम पहिल्यांदा सुरू केली. अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली. पडद्यावरचे सगळे संदेश ओट्टोने स्वतः इंग्रजीतून आपल्या भाषेत आणले होते, बेनेडेकला हातही लावू दिला नव्हता.

पडद्यावर उमटलं: तुझं नाव?

"ओट्टो बाची, इथे चूक राहिलीय," बेनेडेक म्हणाला; अदबीने तो सासऱ्याला बाची, म्हणजे काका, म्हणे. "'तुमचं' हवं. लगेच दुरुस्त करून देतो."

ओट्टो कपाटातून पालिंकाचे दोन छोटे ग्लास काढत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"चूक नाही ती. नाव टाक."

बेनेडेकने स्वतःचं नाव दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा जमलं. मग "तुम्ही" तोंडाशी आलेलं त्याने गिळलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"ये ना," तो म्हणाला, "बस तू इथे."