सात पायऱ्यांचं घर

सॉ तामला आणि नॉ ब्वे पॉ या नवराबायकोच्या घराला सात पायऱ्या होत्या, पुढे बसायला ओटा, मागे चूल आणि खांबांखाली डुकरांना ऐसपैस जागा. अजून एकही खांब रोवलेला नव्हता, पण भांडणं मात्र राहत्या घरासारखी होत. तो सीमेवरच्या नदीपलीकडे, मायदेशी सरकारशी लढणाऱ्या कारेन फौजेत, ती अलीकडे परक्या देशात, निर्वासितांच्या छावणीत. तीन वर्षं दर रविवारी दुपारी वा नी नावाच्या मावशीच्या फोनवर हे घर वाढत होतं. मावशी शेजारीण. फोन तिचा, म्हणून ऐकण्याचा हक्कही तिचाच. ‘चूल मागे नको, धूर घरात कोंडतो,’ असं परस्पर सांगून तिने एकदा भिंतसुद्धा हलवली होती.

पोटापाण्याचंही ठरलेलं होतं. गावी तामलाच्या वडिलांची पोफळीची बाग. तो चढणार, घड उतरवणार. ती सोलणार, वाळवणार, विकणार.

“आणि निम्मी सुपारी तूच चघळणार,” ब्वे पॉ म्हणायची.

“निम्मी कशी? तू काय उपाशी राहणार आहेस?”

पावसाळ्यात सहा रविवार फोन आला नाही. सातव्या रविवारी आला. डोंगरात होतो, फोन लागत नव्हता, म्हणाला. ब्वे पॉने सहा रविवारांचं थकलेलं बोलणं एका दमात ऐकवलं आणि घर पुढे सुरू केलं.

पण घराचं काहीतरी बिनसलं होतं.

“सात पायऱ्या कशाला? पाच पुरेत,” तो म्हणाला. पुढच्या रविवारी तीन झाल्या. पायऱ्या सम नसाव्यात, एवढी रीत त्याने पाळली. तिसऱ्या रविवारी मात्र म्हणाला, “घर जमिनीवरच बांधू. खांब नकोतच.”

“सपाटीवरचे लोक राहतात तसं? आणि डुकरं कुठे ठेवू, माळ्यावर?”

मावशी खुदकन हसली. पलीकडे कुणी हसलं नाही.

“बागेचंही राहू दे,” तो म्हणाला. “त्यापेक्षा दुकान टाकू. मी बसून पानं लावीन.”

लग्नाआधी ब्वे पॉपुढे मिरवायला हाच माणूस खाली न उतरता एका पोफळीवरून दुसरीवर जायचा. दुकानात बसणाऱ्या पुरुषांना तो अंडी उबवणाऱ्या कोंबड्या म्हणायचा. तिने मनातल्या मनात मेळ घातला. पायऱ्या गेल्या, खांब गेले, झाडं गेली. उरलं ते बसणं.

“तामला,” ती म्हणाली, “पाय किती उरलेत?”

मावशीचं पान चघळणं थांबलं.

“एकही नाही.” त्याने हिशेब दिला, “डावा गुडघ्याखालून गेला, उजवा वरून.”

“कुठे?”

“बागेत. तुकडी गावावरून चालली होती, तासाभराची रजा मागितली. घड पिकून गळत होते गं. तुला सांगायला झाडं मोजत होतो. चौथ्या ओळीत पाय पडला.”

“कुणाचा सुरुंग?”

“नाव नसतं त्यावर. आमचाही असेल. माझ्यानंतर तिथेच दोन म्हशी गेल्या. आता तिकडे कुणी फिरकत नाही.”

“आणि घराची जागा?”

“बागेतूनच तर वाट आहे तिची.”

“मग जमिनीवरचं घर कुठल्या जमिनीवर बांधतोयस?”

उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

“मी येते तिकडे,” ती म्हणाली.

“तिथून निघालीस की यादीतलं नाव कटतं. छावणीचा तांदूळ बंद. मग दोघं मिळून जंगलात बसू. मी बसलेलोच आहे.”

“मग तू ये इकडे.”

“नवी नावं घेत नाहीत, तूच सांगितलंस.”

सांगितलं होतं खरं, घराच्या गप्पांत ओझरतं. ब्वे पॉने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पुढच्या रविवारी करू ना फोन?” त्याने विचारलं.

“कर. पण घराचं नको काढूस.”

“बरं,” तो म्हणाला. “मग काय बोलायचं?”

ती विचार करू लागली. तोही करत असावा. फोन चालूच होता. तीन वर्षांत दोघांनी दुसरा विषयच काढला नव्हता.