व्लास्ताबाई खोटं बोलत नाहीत

"हे वाचायचं. जसंच्या तसं. स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही," असं म्हणत नगराध्यक्ष ओताकरनं कागद व्लास्ताबाईंच्या टेबलावर आपटला.

व्लास्ताबाईंनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

"यात लिहिलंय की आपण हरणार."

"चार सामन्यांत. धुव्वा उडणार आपला."

"हे खरं आहे?"

"छे! म्हणून तर वाचायचं, बाई!"

मी तिथंच कॉफी पीत बसलो होतो, म्हणून हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी ओल्शिनच्या स्टेडियमवर बर्फ घोटायचं यंत्र चालवतो. लोक म्हणतात, यारोमीर थापा मारतो. मारतोही. पण बर्फाबद्दल आणि व्लास्ताबाईंबद्दल नाही.

आमच्या गावात प्रत्येक दिव्याच्या खांबावर एक कर्णा आहे, आणि एकतीस वर्षं त्या सगळ्या कर्ण्यांतून एकच आवाज येतो. आधी ब्रासबँडची तबकडी वाजते, मग व्लास्ता हुर्निकोव्हा, नगरपालिकेच्या कारकून, सांगतात की उद्या पाणी बंद, चौकात बटाट्याची गाडी आली आहे, किंवा हाव्लिकांचं तपकिरी कुत्रं पुन्हा पळालं. आणि आईस हॉकीच्या प्लेऑफमध्ये गाठ नदीपलीकडच्या कामेन्स्कशी पडली, की मालिकेच्या आदल्या दिवशी पाच वाजता त्या दोन्ही संघांचा अंदाज वाचतात: कोण कसा खेळतो, कोण जिंकेल, किती सामन्यांत. आधी हे काम शाळेचे मास्तर करायचे; एका वर्षी त्यांचा घसा बसला, म्हणून बाईंनी वाचलं. तेव्हापासून दुसऱ्या कुणी वाचलं तर गाव ऐकून घेणार नाही.

आता अडचण ऐका. आठ वेळा गाठ पडली. आठही वेळा बाईंनी सांगितलं, आपण जिंकू. आठही वेळा हरलो. एकदा त्या म्हणाल्या, आपला गोलकीपर म्हणजे भिंत आहे. त्याच संध्याकाळी त्या भिंतीला गालफुगी झाली. एकदा म्हणाल्या, आपला बर्फ देशात सगळ्यात कडक. दुसऱ्या दिवशी थंड करायचं यंत्र मेलं आणि मैदानात इतकं पाणी साचलं की मी त्यात कार्प मासा पकडला. तळून खाल्ला. खोटं वाटत असेल तर काटे ठेवलेत जपून.

या वर्षी तर थेट अंतिम मालिका. सातपैकी चार सामने जिंकेल तो विजेता. आणि एप्रिलअखेर व्लास्ताबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्याबरोबर कर्णेही उतरणार, सूचना फोनवर येणार. म्हणजे हा शेवटचा अंदाज.

"ओताकर," बाई म्हणाल्या, "या मायक्रोफोनवर मी आजवर एकदाही खोटं बोललेले नाही. आठला पाणी जाणार म्हटलं, की आठला गेलं."

"अहो, एक दिवस! गावासाठी!"

"मग मला खरं कारण दे. आपण हरू असं मला मनापासून वाटलं, की तुझा कागद गाऊन दाखवीन."

आणि खरोखर त्या कारण शोधायला निघाल्या. तीन दुपारी वही घेऊन माझ्या यंत्राशेजारी बसल्या आणि आमच्या पोरांचा सराव पाहिला.

"यारोमीर, तो डावीकडचा लंगडतोय का रे?"

"नाही गं. बुटात खडा आहे."

"शी! आणि डालिबोर?"

डालिबोर आमचा कप्तान. दाढी छातीपर्यंत आलेली, कारण प्लेऑफ संपेपर्यंत वस्तरा लावायचा नाही. तो कठड्याशी आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आमच्याबद्दल चांगलं काही बोलू नका हो. हात जोडतो. मला चौतिसावं चालू आहे, पुन्हा फायनल दिसायची नाही."

"वाईट खेळ ना मग जरा!" बाई करवादल्या.

त्याला तेही जमेना. काठीनं रबरी चकती मारली ती थेट जाळीच्या कोपऱ्यात.

मग बाई पूल ओलांडून कामेन्स्कला गेल्या. तिथं तर त्यांची वरातच निघायची बाकी होती. बेकरीवाला हावेल खसखशीचे गोड पाव भरलेली टोपली घेऊन सामोरा आला. "या, या व्लास्ताबाई! खा! आणि मनात असेल ते बिनधास्त बोला बरं का! तुमच्या गावाचं काही ऐकू नका!"

"तुमचा गोलकीपर गुडघ्याला पट्टी का बांधतोय?"

"मोडलाय म्हणा हवं तर! लिहा, लिहा!"

बाईंनी लिहिलं. पावही खाल्ले. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"आपण चांगले आहोत रे," त्या मला म्हणाल्या. "आठही वेळा मी नुसतं मनातलं बोलले. या वेळी डोळ्यांनी बघून सांगते. आपण खरंच जास्त चांगले आहोत. आता काय करू?"

मी माझी कॉफी त्यांच्यापुढे सरकवली. असं आयुष्यात दोनदाच झालंय.

पाच वाजता तबकडी वाजली. दुकानांतून, बसथांब्यावर, सगळीकडे माणसं माना वर करून उभी. वारा नदीकडे वाहत होता, म्हणजे पलीकडेही ऐकू जाणार. खोलीत ओताकर हात जोडून उभा होता. बाईंनी त्याचा कागद चार घड्या करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि वही उघडली. दोन्हीकडच्या प्रत्येक खेळाडूचं नाव घेतलं, प्रत्येकाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगितली. कामेन्स्कच्या गोलकीपरला गुडघा शेकायला सांगितलं. मग थोडा श्वास घेतला.

"मालिका ओल्शिन जिंकेल. सहा सामन्यांत."

आमच्या गावात कुणीतरी दाणकन खिडकी लावली. पलीकडे कामेन्स्कमध्ये चर्चची घंटा वाजू लागली.

पाच सामने झाले. आम्ही तीन जिंकले, त्यांनी दोन. सहावा त्यांच्या मैदानावर. तो जिंकला की अजिंक्यपद आमचं, अगदी बाईंनी सांगितलं तसं. आणि म्हणूनच कुणाला घास गिळवेना. हॉकीत बाईंचं खरं झालंय कधी?

नाही झालं. तिसऱ्या, शेवटच्या सत्रात ते पाच, आम्ही एक. आमची नऊशे माणसं टोप्या डोळ्यांवर ओढून बसलेली. तेवढ्यात औषधाच्या दुकानातली म्हातारी पेत्रोनिला बाकावर चढून किंचाळली, "अरे बधिरांनो! सहा म्हणाल्या होत्या! सहा! चुकायचा तो अंदाज आजच चुकला की! आता सातव्यावर कसलं सावट?"

काय सांगू तुम्हाला! नऊशे माणसं एकदम नाचायला लागली. टोप्या उडाल्या, ढोल वाजले. पाच-एकनं हरताना! त्यांच्या गोलकीपरनं गुणफलक दोनदा वाचला. हावेल धावत येऊन मला विचारतो, "अरे, झालं काय? आम्ही जिंकलो ना?" डालिबोर बर्फावर मागं वळून आमच्याकडे बघत राहिला, मग समजलं आणि दाढीतल्या दाढीत हसायला लागला. पूल आम्ही गात ओलांडला. पुलाचा दुसरा खांब त्या दिवशी वाकला, तो अजून तसाच आहे.

सातवा सामना पोरं गल्लीत खेळावं तशी खेळली. जिंकलो. डालिबोरची शेवटची चकती इतक्या जोरात गेली की जाळी फाडून ओताकरच्या टोपीत सापडली.

त्या गर्दीत मी बाईंना गाठलं. "खरं सांग, मुद्दाम सहा म्हणालीस?"

"मी खोटं बोलते का रे? सहाच वाटले होते." त्या वैतागल्या होत्या. "त्या कामेन्स्कच्या गोलकीपरनं गुडघा शेकला. त्याला सांगायलाच नको होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, डोकी अजून ठणकत असताना, ब्रासबँड वाजला.

"नागरिकांनो, दोन सूचना. पहिली. मालिका सहा सामन्यांत संपेल असं मी सांगितलं होतं, सात लागले. चुकीबद्दल दिलगीर आहे. दुसरी. मुख्य नळाच्या दुरुस्तीसाठी उद्या सकाळी आठ ते दहा पाणी बंद राहील." मग जरा थांबून, "धन्यवाद." आणि बटणाचा खट् आवाज.

ही त्यांची शेवटची सूचना होती. मिरवणुका रात्रभर चालल्या म्हणतात, पण सकाळी सातला मी कामावर निघालो तेव्हा घराघरात पाणी पडल्याचा आवाज येत होता. बादल्या, हंडे, सूपची पातेली भरली जात होती. ओताकरनं आंघोळीचा टब भरला होता. डालिबोर लाल जर्सीतच, नुकत्याच तासलेल्या गोऱ्यापान गालांनी, दारात आईची किटली भरत उभा होता. आमच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही की कदाचित पाणी जाणारही नाही.

बरोबर आठ वाजता नळ खाकरला, आणि थांबला.